खारे वारे आणि 'पोकळी': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खाऱ्या वाऱ्यांवरच्या, म्हणजे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपल्या दोन हरकती आहेत. एक, 'गरम हवा वर जाते, खाली पोकळी होते आणि समुद्रावरची गार हवा तिथे ओढली जाते, इतकं सोपं असताना दाबाचा घोळ कशाला?' दुसरी, 'उष्णतेनेच वारा सुटत असेल तर मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंशांना पान का हलत नाही?' दुसऱ्याचं उत्तर लेखात यायलाच हवं होतं, ते राहून गेलं. पहिली हरकत मात्र मला मान्य नाही.

पोकळी कुठेच होत नाही. किनाऱ्यावर हवेचा दाब १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि चांगला खारा वारा सुटायला त्यात एखाद्या हेक्टोपास्कलचा, म्हणजे हजारात एकाचा फरक पुरतो. हा फरक येतो कसा, तिथेच खरी गंमत आहे. समजा, दुपारपर्यंत जमिनीवरचा १ किलोमीटर जाडीचा हवेचा थर समुद्रावरच्या थरापेक्षा ५ अंशांनी जास्त तापला. हवा दर ३ अंशांना साधारण १ टक्का फुगते, म्हणजे हा थर १६-१७ मीटरनी उंचावतो. पण एवढ्याने जमिनीवरचा दाब उतरत नाही! डोक्यावर हवा तेवढीच, तिचं वजनही तेवढंच. बदल होतो तो वर. १ किलोमीटर उंचीवर जमिनीच्या बाजूचा दाब समुद्राच्या बाजूपेक्षा पावणेदोन हेक्टोपास्कलच्या आसपास जास्त भरतो, आणि तिथली हवा समुद्राकडे सरकू लागते. तेव्हा कुठे जमिनीवरचं ओझं हलकं होतं, समुद्रावरचं वाढतं आणि खाली वारा आत शिरतो. 'ओढली जाते' म्हटलं की वरचा हा अर्धा भाग गळतो, म्हणून मला ते शब्द नकोत.

५० किलोमीटरांत १ हेक्टोपास्कलचा फरक असेल, तर घर्षण नसताना तासाभरात हवेला ताशी २० किलोमीटरचा वेग येईल. झाडं, घरं, डोंगर त्यातला बराचसा खातात.

आता चंद्रपूर. तिथे उष्णता भरपूर आहे, फरक नाही. चहूकडे शंभर किलोमीटर गेलात तरी पारा जवळपास तोच, मग हवेने जायचं कुठे? ती जागच्या जागी वर उठते, शेजारीच खाली उतरते, फार तर शेतात वावटळ उठते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहते तेव्हा तिच्यामागे शेकडो किलोमीटरांवरच्या दाबातला फरक असतो.

उलट प्रकार मुंबईत मार्चमध्ये दिसतो. फरक असतो, पण पूर्वेचा वारा जोरात असला की खारा वारा किनाऱ्यावरच अडतो आणि यायला उशीर करतो. सांताक्रूझला मार्चमध्ये पारा चाळिशी गाठतो तो बहुधा अशाच दिवशी.

घरी पडताळायचं असेल तर खोली तासभर एसीने गार करा. मग एसी आणि सगळे पंखे बंद करून, खिडक्या लावून, दार वीतभर उघडा. फटीत उदबत्ती तळाशी धरलीत तर धूर खोलीबाहेर वाकेल, चौकटीच्या वरच्या टोकाला आत वाकेल, मध्ये कुठेतरी सरळ वर चढेल. खाली-वर दोन्हीकडे धूर एकाच बाजूला वाकला, तर एखादी खिडकी उघडी राहिली आहे असं समजा.