अनामिक कॅपिबारा आणि नऊ चौकोन

उद्योजकता हा विषय माझ्याकडे आला, त्याचे एकमेव कारण म्हणजे विभागाच्या बैठकीला मी उशिरा पोचलो. आमच्या घराण्याची उद्योगपरंपरा एवढीच, की आजोबांनी एकदा गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात नारळ विकायला नेले आणि भाव पटला नाही म्हणून सगळे परत आणले. तरीही हा विषय खडू-फळ्याने शिकवायचा नसतो, मुलांनी एकाच ऑनलाइन कागदावर मिळून काम करायचे असते, असे प्रशिक्षणात ऐकून आल्यामुळे मी धंद्याची सगळी आखणी एका पानावर मांडणाऱ्या, अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या बिझनेस मॉडेल कॅनव्हासचे नऊ चौकोन गूगल डॉक्समध्ये आखले आणि त्याची लिंक वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

लिंक मिळेल त्याला लिहिण्याची मुभा मीच दिली होती. अशा कागदावर लॉग-इन न करता येणाऱ्याला एखाद्या प्राण्याचे नाव मिळते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. पाच मिनिटांत अनामिक कॅपिबारा, अनामिक वॉम्बॅट आणि अनामिक ॲक्सोलॉटल हजर झाले. उरलेल्यांचा ग्रुपवर निरोप आला, ‘सर, नेट ना.’ हजेरीपटावर वॉम्बॅट कुठे लिहावा, याचे उत्तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातही नसावे. एरवी प्रश्न विचारला की खिडकीबाहेरच्या माडाकडे पाहणारी ही मुले ग्राहकांच्या चौकोनावर अक्षरशः तुटून पडली. एकाने ‘पर्यटक’ लिहिले, दुसऱ्याने त्यामागे ‘श्रीमंत’ जोडले आणि तिसऱ्याने दोन्ही खोडून ‘पर्यटक नकोत, ट्रॅफिक होतो’ असे लिहिले.

एका गटाने ताजी मासळी घरपोच देण्याची योजना मांडली. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत काय विकणार, असे मी समासात विचारले. कॉमेंटवर ‘रिझॉल्व्ह’चे बटण असते, ते दाबले की प्रश्न नजरेआड होतो. एका विद्यार्थ्याने ते दाबले. बंदीचा प्रश्न इतक्या झटपट निकालात निघालेला मी तोवर पाहिला नव्हता.

खरा अनर्थ पुढच्या तासाला घडला. अक्षरे मोठी करावीत म्हणून मी सगळा मजकूर निवडला आणि बोट ‘द’वर पडले. नऊ चौकोन, मासळी, पर्यटक सारे नाहीसे होऊन पडद्यावर फक्त एक ‘द’ उरला, आणि कोणीतरी तत्परतेने त्यापुढे ‘रिद्री’ जोडले. घाबरून मी पान बंद करून पुन्हा उघडले, त्यामुळे पूर्ववत करण्याची सोयही गेली. मुलांनी आपापल्या बाजूने ती वापरून पाहिली, पण तिने प्रत्येकाचे स्वतःचेच लिखाण मागे जाते, दुसऱ्याचे पाप धुतले जात नाही. मग मी कॅपिबाराला सामूहिक जबाबदारीवर दहा मिनिटे सुनावले. तेवढ्यात एका मुलीने ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली. तिथे जुना मजकूर सुखरूप होता, आणि तो कोणी पुसला हे माझ्या पूर्ण नावासह, गुलाबी रंगात नोंदलेले होते.

चतुर्थी जवळ आली तशी नऊ चौकोनांकडे कोणी फिरकेना. मुले भलत्याच कामात असल्याचे मला उशिरा कळले. त्यांनी स्वतःची शीट उघडून माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले बांधून सजवायच्या चौकटीच्या, सामानाची मागणी घ्यायला सुरुवात केली होती. नारळाचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, शिवाय रानातली कांगलां कोण आणणार, कोणाच्या स्कूटरवरून कुठल्या वाड्यावर पोचवणार आणि आगाऊ किती घ्यायचे, हे सगळे रकान्यांत होते. त्यात नऊ चौकोनांतला मूल्यप्रस्ताव हा शब्द कुठेही नव्हता. मीही कौतुकाने एक माटोळी मागवली आणि सामान वेळेवर आले.

पैसे द्यायचे मात्र माझ्याकडून राहून गेले. परवा शीट उघडली, तेव्हा साऱ्या हिरव्या ओळींत माझी एकटीच लाल होती आणि त्या क्षणी ती तेवीस जण पाहत होते. शेजारी कॉमेंट होती, ‘सर, कधी?’ मी गुपचूप ‘रिझॉल्व्ह’ दाबले. सकाळी ती पुन्हा उघडलेली होती.