नरवाई गाडली आणि सोयाबीन पिवळं पडलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

इंदूरजवळच्या सांवेरकडून आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे आणि त्याला कारणही आहे. गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेलं काड, न जाळता तुम्ही जूनमध्ये रोटाव्हेटरने गाडली, तर सोयाबीन पंधराव्या दिवसापासून पिवळं पडलं. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण, देऊनही फरक नाही. दोन वर्षांनी माती तपासली, तर सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.48 टक्के होता तो 0.48च. वर तुम्ही विचारता, 'जिवाणूंनी खाल्लं तरी कर्ब हवेतच जातो, मग काडी लावली तर काय बिघडलं?'

आधी पिवळेपणा. एक टन गव्हाच्या काडात कर्ब सुमारे 400 किलो आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम 5 किलो. जिवाणू आणि बुरशी त्यातला साधारण एक तृतीयांश कर्ब, म्हणजे 130 किलो, शरीर बांधायला वापरतात. बाकीचा श्वासावाटे सोडतात. त्यांच्या शरीरात दर 10 किलो कर्बामागे किलोभर नत्र लागतंच, म्हणजे 13 किलो. काडात आहे 5. उरलेलं 8 किलो ते मातीतून उचलतात, आणि या ओढाताणीत कोवळी मुळं मागे पडतात. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र नीट द्यायला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तुमचं काड ऐन पेरणीच्या तोंडावर मातीत गेलं, त्यामुळे रोपं नेमकी याच मधल्या दिवसांत उपाशी राहिली. ते नत्र वाया गेलेलं नाही. जिवाणू मरतात, मातीतले आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात आणि जास्तीचं नत्र अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात. पण तोवर रोपाचे सुरुवातीचे दिवस निघून गेलेले असतात.

मात्र कोणती पानं पिवळी होती, ते आठवून पाहा. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत पाणी साचलं की हे हटकून दिसतं, आणि तिथे युरियाचा उपयोग नाही. पानांवर गडद पिवळे-हिरवे चट्टे असतील, तर पिवळा मोझॅक. मग पांढरी माशी शोधा.

जीवामृताचा हिशोबही मांडू. 200 लिटरच्या ड्रममध्ये 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो बेसन. सगळं मिळून नत्र पाव किलोच्या आसपास. लागणार होतं टनाला 8 किलो. काड कुजवायला विकत मिळणाऱ्या डीकंपोझरचंही तेच: बुरशी मिळते, नत्र मिळत नाही. 1924 ते 1931 दरम्यान इथेच इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात काडाच्या जोडीला शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती घालायची, ती याच गरजेपोटी.

यंदा काय करायचं? गहू निघाल्यावर लगेच काड बोटभर लांबीचं बारीक करा आणि पसरवा. हार्वेस्टरमागे ढीग राहिला की तिथेच पट्टे पिवळे पडतात. विहिरीला पाणी असेल तर एप्रिलमध्येच 10-12 सेंटिमीटर खोल मिसळा, टनामागे 17 किलो युरिया किंवा दोन-अडीच टन शेण द्या आणि एक पाणी द्या. युरिया कोरड्या रानावर फेकून ठेवू नका. आपल्या विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) मातीत त्याचा अमोनिया होऊन उडतो. पाणी नसेल तर गाडूच नका, कारण कोरड्या मातीत काड जूनपर्यंत जसंच्या तसं राहतं. वरच पसरलेलं ठेवा आणि झिरो टिलेजने, म्हणजे न नांगरता, पेरा. वरच्या काडाचा मातीशी संबंध कमी, म्हणून नत्राची ओढही कमी. बियाण्याला बुरशीनाशक आधी, रायझोबियम (गाठी बांधणारे जिवाणू) शेवटी, किलोला 5 ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरणी. महिन्याभराने चार रोपं मुळासकट उपटा आणि गाठ नखाने फोडा: आत गुलाबी असेल तर ती काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आता काडी लावण्याचा मुद्दा. राखेत पालाश (पोटॅश) आणि बराचसा स्फुरद (फॉस्फरस) राहतो, हे खरं. पण नत्र जवळपास सगळं आणि गंधकाचा मोठा वाटा धुरात जातो, कर्बही जवळपास सगळा. जिवाणूंच्या वाटेनेही बहुतेक कर्ब हवेत जातो, पण त्यांच्या मेलेल्या शरीरांतला काही भाग काळ्या मातीच्या चिकण कणांना घट्ट चिकटून वर्षानुवर्षं टिकतो. ढेकूळ पाण्यात पटकन विरघळत नाही, ते त्याच्या बळावर.

आणि 0.48? एक हेक्टरची 15 सेंटिमीटर माती भरते सुमारे 20 लाख किलो. तिच्यात कर्ब 9,600 किलो. वर्षाला 4 टन काड घातलं तर त्यातला टिकणारा कर्ब फार तर 200 किलो. दोन वर्षांत 0.48 चा 0.50 होणार, तोही जुना कर्ब झिजला नाही तर. नमुना चार पावलं सरकून घेतला तरी याहून जास्त फरक पडतो. पुढची तपासणी आणखी तीन वर्षांनी करा, गहू निघाल्यावर, त्याच प्रयोगशाळेत, त्याच खोलीवरून, शेतातल्या दहा-बारा जागांची माती एकत्र करून.