बिनपगारी रजा आणि अडलेला उतारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया वाचली. गावचे ग्रामसेवक दोन महिने बिनपगारी रजेवर, तुमचा घराचा आठ नंबरचा उतारा (ग्रामपंचायतीतल्या घरनोंदीची नक्कल) अडकलेला, आणि वर बिनपगारी रजेची बाजू मांडणारा माझा लेख. 'पगार घेत नाही म्हणजे गावावर उपकार करतो का? तुम्ही कर्मचाऱ्यांचीच तळी उचलता,' असं तुम्ही लिहिलंय. उपकार नाहीच. पण तुमचा राग चुकीच्या टेबलावर चाललाय.

कागदावर बिनपगारी रजेचं नाव असाधारण रजा. राज्य कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या रजा नियमांत ती आहे, आणि कुठलीच रजा हक्क म्हणून मागता येत नाही हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेब नुसते निघून गेले नसतील, तर कुणीतरी सही करून त्यांना सोडलंय.

फुकट तर ती अजिबात नाही. वैद्यकीय दाखला नसेल तर ते दिवस सहसा वेतनवाढीला धरत नाहीत. जानेवारी-जुलैत 15-15 दिवस अर्जित, म्हणजे पगारी, रजा जमा होते, त्यातून आधीच्या सहामाहीतल्या बिनपगारी दिवसांचा दहावा हिस्सा कापतात. 60 दिवसांना 6 गेले. खरी गंमत कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची. कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर वळता होतो. पगारच नाही म्हटल्यावर हप्ता थकतो आणि फोन जातो जामीनदाराला. तो बहुधा शेजारच्या गावचा ग्रामसेवक. आईवडिलांचं आजारपण काढायला माणूस एवढं सगळं अंगावर घेतो. रजा टाकून बाहेर धंदा करणारेही असतात; त्यांची तळी मी उचलत नाही, आणि नियमही उचलत नाहीत.

आता तुमचा उतारा. रजा मंजूर करताना गावाचा चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, कुणाकडे, हे ठरायला हवं. होतं असं, की रजेचा आदेश सोमवारी निघतो आणि अतिरिक्त कार्यभाराचा आदेश साहेबांच्या सहीसाठी फायलीत पडून राहतो. नवा माणूस आला तरी दप्तर कपाटात आणि किल्ली रजेवरच्या माणसाकडे. ज्याच्याकडे आधीच दोन गावं आहेत, तोही स्वतःहून घाई करत नाही.

तेव्हा पंचायत समितीत जा आणि 'आमच्या गावचा चार्ज कुणाकडे, कोणत्या तारखेपासून' एवढंच लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. उताऱ्याचा अर्ज दिला असेल आणि मुदत उलटली असेल, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील टाका. भाऊसाहेब रजेवर आहेत, हे तिथे उत्तर म्हणून चालत नाही.