‘केस बदलले की पात्र बदललं’? जरा तीळ बघा

फिरत असलेला दावा असा: मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, सगळे चेहरे एकाच साच्यातले, फक्त केस वेगळे, मोठे डोळे म्हणजे गोऱ्यांची नक्कल, आणि बिनसंवादाच्या चौकटी म्हणजे पानं भरायची सोय. हिरोमु अराकावांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या मांगा मालिकेवर (2001 ते 2010, 27 खंड) हे घासून बघू. वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा, पुढे एक मोठा धक्का फुटतो.

चेहऱ्यांबाबत थोडं तथ्य आहे. अराकावांच्या तरुण बायकांची नाकं-हनुवट्या बऱ्याच सारख्या. पण पात्र आधी ओळखू येतं ते आकारावरून. पाच पात्रं ट्रेस करा, आतून काळी भरा, 3 सेंटिमीटरची करा. बुटक्या नायकाची, एडवर्डची, डोक्यावर उभी बट आणि आर्मस्ट्राँगच्या टकलावरचं एकुलतं कुरळं शेपूट तरीही लपत नाही. एडवर्डचा भाऊ अल्फोन्स तर नुसतं रिकामं चिलखत. त्याची लाज, राग, हिरमोड सगळं खांद्यांतून आणि मानेच्या कलातून कळतं. हा कुठला साचा?

आता चौथा खंड. टेलिफोन बूथजवळ लष्करी अधिकारी ह्यूजसमोर लष्करातलीच मारिया रॉस उभी. तो म्हणतो, तू रॉस नव्हेस, तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे. रूप बदलणारा एन्व्ही निवांतपणे तीळ उमटवतो, मग ह्यूजच्या बायकोचं रूप घेतो. ह्यूजचा हात थबकतो आणि गोळी सुटते. शाईच्या एका ठिपक्यावर अख्खा प्रसंग उभा आहे.

डोळ्यांचं म्हणाल तर आधुनिक मांगाचे जनक मानले जाणारे ओसामु तेझुका यांच्यावर डिस्नेचा प्रभाव होताच. पण डिस्नेचा बांबी हरणाचं पाडस आहे, गोरा माणूस नव्हे! शिवाय 1930च्या दशकातच जपानी चित्रकार जुनइची नाकाहारा मुलींच्या मासिकांत टपोऱ्या डोळ्यांच्या मुली काढत होते.

उरल्या मुक्या चौकटी. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून डाव्या पानाची शेवटची चौकट पान उलटण्याआधीची असते. तिथे एखादी पाठमोरी आकृती किंवा बंद दार ठेवायचं आणि धक्का पुढच्या उजव्या पानावर द्यायचा. फोनवर एकेक पान सरकवत वाचलं की ही जोडपानांची रचना मोडते आणि तीच चौकट रिकामी वाटते. पानं आरशासारखी उलटवून छापली तर आणखी घोळ: एडवर्डचा पोलादी उजवा हात डावा होतो, रॉसचा तीळ उजव्या डोळ्याखाली जातो, आणि ह्यूजचं वाक्यच खोटं पडतं.