आमच्या ग्लुटेन-फ्री सावरडो किटबद्दलच्या तक्रारीला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, की आमचं ज्वारी-तांदळाचं सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या ब्रेडचं, किट आणून दोनदा ब्रेड केला, दोन्ही वेळा आतून चिकट गोळा आणि चवीला आंबटढाण. लेकाला सीलिएक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार) आहे म्हणून एवढा खटाटोप केला, त्यापेक्षा भाकरी दिलेली बरी. वाचून फार वाईट वाटलं.

चूक आमची आहे. कार्डावर ‘पीठ रात्रभर झाकून ठेवा, ४५ मिनिटं भाजा’ एवढंच छापलंय. ते मी पुण्याच्या थंडीत, माझ्या मोठ्या ओव्हनवर बेतून लिहिलं होतं. तुम्ही केला ऐन मे महिन्यात, घरच्या ओटीजीत.

तुमच्या फोटोत वरच्या कवचाखाली बोटभर पोकळी दिसते. पीठ नको तेवढं फुगून आत बसलं, की असं होतं. गव्हात ग्लुटेन हवा धरून ठेवतं; इथे ते काम इसबगोलावर असतं आणि त्याची ताकद तेवढी नसते. उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरे. पीठ साधारण दीडपट झालं, की वर बारीक भोकं पडायच्या आत ओव्हनमध्ये घाला. स्टार्टरही (ब्रेड फुगवणारं आंबवलेलं विरजण) फुगून वर आलेला असतानाच घ्या, खाली बसलेला नको. आंबटपणा त्यानेच उतरेल.

सुरीला लगदा चिकटलाय, तो भाजणं कमी पडल्यामुळे. २३० अंशांवर झाकून ४० मिनिटं, मग झाकण काढून २०० वर आणखी अर्धा तास. ओटीजीच्या आकड्यावर विसंबू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ब्रेडच्या मध्यभागी ९७-९८ अंश दिसायला हवेत. आणि निदान सहा तास कापू नका. स्टार्च गार होताना घट्ट बसतो. गरम कापला, तर नीट भाजलेला ब्रेडही चिकट लागतो.

तुमचं भाकरीचं वाक्य मनात राहिलं. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) गेली, की आपण उकळत्या पाण्यात मळतो ना? तेच इथे करा. पाचवा हिस्सा पीठ घ्या, मापातल्याच पाण्यातून थोडं उकळून त्यात उकड काढा आणि पूर्ण गार करून बाकीच्या पिठात मिसळा. ब्रेड मऊ राहतो, चुरा होत नाही. हे कार्डावर असायलाच हवं होतं.

एक काळजीचं. फोटोत ब्रेड लाकडी पोळपाटावर आहे. त्यावर गव्हाच्या पोळ्या लाटत असाल, तर लेकासाठी तो वापरू नका. ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोमागे फक्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, आणि लाकडाच्या भेगांत पीठ राहतंच. चाळणी आणि परातही वेगळी ठेवा.

तुमचे पैसे आज परत केलेत. नव्या कार्डासह दुसरं किट पाठवते, ते आमच्याकडून. ज्या दिवशी करायला घ्याल त्या दिवशी किटवरच्या नंबरावर फोन करा, पीठ कालवण्यापासून मी फोनवर सोबत थांबेन.