शिकाऊ हात

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर वाद पेटला. डिचोलीच्या मामाचा मोतीबिंदू पिकलाय. मी लिहिलं, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात दाखवा. त्यावर मावसभावाचं, दादाचं, उत्तर: "तिथे शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात. मामाचा डोळा काय प्रॅक्टिसला द्यायचा? बाहेर खासगीत करूया, इंपोर्टेड लेन्स घालूया."

तेव्हापासून डोकं तापलंय. दादा, मी इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये रोज मोतीबिंदू काढते, आणि माझ्या शेजारी बहुतेक दिवशी एखादं शिकाऊ पोर बसलेलं असतं. पेशंट सही करतो त्या कागदावरच ते लिहिलेलं असतं. कुणी तक्रार करत नाही. इथे तज्ज्ञ व्हायला शेकडो मोतीबिंदू करावे लागतात. ते कुणाच्या डोळ्यांवर करायचे?

आणि इंपोर्टेड लेन्सचं म्हणशील, तर तीही एका शिकाऊ पोराचीच देणगी. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरल्ड रिडली मोतीबिंदू काढत असताना एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही? 29 नोव्हेंबर 1949 ला रिडलींनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. मोठमोठे डॉक्टर पुढे कित्येक वर्षं त्यांच्या विरोधात होते. 1992 पासून मदुराईची ऑरोलॅब ही संस्था तशीच भिंगं बनवते आणि परदेशीही पाठवते. त्यामागचे डॉ. वेंकटस्वामी कोण? सरकारी मेडिकल कॉलेजातले प्रोफेसर. संधिवाताने बोटं वाकलेली असताना त्यांनी हजारो डोळे केले, आणि 1976 साली निवृत्त झाल्यावर 11 खाटांवर अरविंद इस्पितळ सुरू केलं.

बांबोळीचे आमचे सरही तसेच, सरकारी प्रोफेसर. बाहेर पडते तर पर्वरीत बंगला बांधते, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. सर आधी आम्हाला बकऱ्याच्या डोळ्यांवर शिकवायचे. मटणवाल्याकडून सकाळी डबा यायचा, आणि दुपारपर्यंत हाताचा वास जात नसे. मग एक दिवस मायक्रोस्कोपखाली सत्तरीची एक आजी होती. भिंगाच्या मागचा पडदा जेमतेम 4 मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. तो फाटला की डोळ्यातला जेलीसारखा द्रव पुढे येतो. माझा हात थरथरला. समोरच्या भिंगातून बघणाऱ्या सरांनी माझ्या मनगटाखाली आपली करंगळी टेकवली. "सवकास गो, सवकास." हत्यार त्यांनी माझ्या हातातून घेतलं नाही. घेतलं असतं तर मी आज सर्जन नसते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तर ल्हान चली!" लहान मुलगी.

बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. ती करंगळी फीच्या पावतीवर येत नाही, म्हणून दादाला ती दिसत नाही.

इथे मोतीबिंदूसाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. माझ्या अडचणीचं होतं, म्हणून गाळलं.

दादाने शेवटी लिहिलं, "तू गेलीस ना? मग आम्हांला शिकवू नको." दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा मी फोन केला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "केन्ना येतली गो?" कधी येणार? मी म्हटलं, चवथीला येते, सर. त्यांना ते विचारायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

माझी पहिली वही अजून खणात आहे. सरांनी प्रत्येकाला नोंद ठेवायला लावलेली: तारीख, उजवा की डावा, गाव. केरी, मये, पाळी, कोरगाव, परत केरी. 214 नोंदी, आणि मग एकदम कोरी पानं. त्या 214 डोळ्यांवर शिकलेला हात मी इकडे घेऊन आले. परवा रात्री त्या वहीचं पहिलं पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं. दादाचं अजून काही उत्तर नाही. मामाने मात्र लिहिलंय, मंगळवारी बांबोळीला जातो.