पाच डोमेनच्या एसएसएलबद्दल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

ऐन पेरणीच्या तोंडावर तुमच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर लाल त्रिकोण दिसला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "फुकटच्या सर्टिफिकेटला आठवडा लावला, पाचही साइट बंद ठेवल्या" हे दारव्ह्यात सगळे वाचतात आणि आमचं पोट याच कामावर आहे. म्हणून लिहावं लागतंय.

पाचही नाही भाऊ. चार डोमेन पहिल्याच संध्याकाळी एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, आली होती. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या एका सर्टिफिकेटात 100 नावं बसतात, पण एक नाव तपासणीत (डोमेन मागणाऱ्याच्याच ताब्यात आहे ना, ही) अडकलं की सगळंच अडकतं. म्हणून आम्ही प्रत्येक डोमेनचं वेगळं घेतलं, साधं नाव आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दोन्ही धरून.

अडलं ते बियाण्यांच्या दुकानाचं. त्याचं डीएनएस, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरवर जातं याची नोंदवही, तुमच्या आधीच्या वेबसाइटवाल्याकडे. त्यातला ए रेकॉर्ड (जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही-4 पत्त्याची नोंद) आमच्या सर्व्हरकडे वळवला गेला, जुना क्वाड-ए (नव्या पद्धतीच्या आयपीव्ही-6 पत्त्याची नोंद) मात्र तसाच राहिला. तपासणी आधी आयपीव्ही-6 नेच होते. म्हणजे तपासणीसाठी ठेवलेली आमची फाइल शोधायला ती जुन्या सर्व्हरवर गेली आणि तिथं 404, म्हणजे फाइल सापडली नाही. तो रेकॉर्ड काढायला ओटीपी लागतो, ओटीपी पुतण्याच्या मोबाइलवर आणि पुतण्या पुण्याला. त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉटसकट कळवलं होतं, निळ्या टिकाही आल्या होत्या. त्यात तुमच्याकडून पॅनलमधलं सर्टिफिकेट मागायचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. एका नावाच्या तासात 5 तपासण्या फसल्या की पुढच्या अडवल्या जातात. रेकॉर्ड निघाल्यावर सर्टिफिकेट मिनिटभरात आलं.

साइट हॅक झाली असं वाटलं असेल, तर तसंही नव्हतं. त्या नावाचं सर्टिफिकेट नसलं की एनजिनएक्स (सर्व्हरवरून साइट दाखवणारा प्रोग्राम) पहिल्या साइटचं पुढं करतो, नाव जुळत नाही म्हणून ब्राउझर अडवतो.

पैशांचं म्हणाल तर बिलात सर्टिफिकेटपुढं शून्यच आहे. घेतले ते मांडणीचे: पाचही साइटचे सर्व्हर ब्लॉक (एनजिनएक्समधली प्रत्येक साइटची मांडणी), फुलचेन फाइल (सर्टिफिकेटसोबत ते देणाऱ्याची साखळीही असते; नुसती सर्टिफिकेटची फाइल लावली तर काही मोबाइलवर इशारा येतो), 80 वरून 443 वर, म्हणजे साध्या जोडणीवरून सुरक्षित जोडणीवर, वळवणं, आणि 90 दिवसांची मुदत संपायच्या आत आपोआप नूतनीकरण. त्यानंतर एनजिनएक्स रीलोड व्हावा लागतो, नाहीतर नवं सर्टिफिकेट डिस्कवर पडून राहतं आणि साइट जुनंच दाखवते. तेही लावून दिलंय.

यापुढं डोमेनची लॉगिनं कामाआधीच मागून घेऊ, तशी काहीतरी व्यवस्था करतोय. पाचही साइट आता नीट आहेत, जमलं तर रिव्ह्यू एकदा पुन्हा पाहा. आणि तो क्वाड-ए परत कोणाला टाकू देऊ नका, नूतनीकरण तिथंच अडेल.